निळ्या दिव्याचा जमाखर्च



गेल्या चातुर्मासात महिनाभर मुलाकडे पुण्याला होते. नवा फ्लॅट, नवं स्वयंपाकघर, सगळं कसं आरशासारखं. ओट्यावरच्या कपाटांच्या खालच्या कडेला मुलाने दिव्यांची पट्टी चिकटवली आहे. रिमोटचं बटण दाबलं की ती लाल होते, हिरवी होते, निळी, जांभळी, गुलाबी, म्हणाल तो रंग. नातवाचा तो आवडता खेळ. सूनबाई म्हणाली, "आई, पांढरा उजेडही पडतो बरं का ह्याचा. तुम्हाला डाळ निवडायला बरं होईल."

एका संध्याकाळी, सूर्यास्ताआधी जेवणं आटोपल्यावर, ताटात मुगाची डाळ घेऊन मी त्या पांढऱ्या उजेडात बसले. दोनदा नजर फिरवली. काही दिसलं नाही. डबा भरून ठेवला. सकाळी तीच डाळ खिडकीशी नेऊन पाहिली, तर दोन अळ्या आणि बारीक जाळी! पिवळी डाळ आणि तिच्यातली फिकट पिवळसर अळी, रात्री दोन्ही मला एकाच रंगाची दिसली होती. मन फार खट्टू झालं. आपल्याकडे धान्य निवडणं म्हणजे नुसती स्वच्छता नव्हे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, चष्म्याचा नंबरही नुकताच तपासलेला. म्हणून संध्याकाळी मुद्दाम हळद, डाळ आणि एक पिवळा ब्लाउजपीस त्या पट्टीखाली ठेवला, मग ट्यूबलाईटखाली नेला, आणि सकाळी खिडकीशी. पट्टीखाली तिन्हींचा पिवळा काही निराळाच दिसत होता. मुलाला विचारलं. तो म्हणाला, "आई, ह्यात पांढरा दिवा नाहीच. लाल, हिरवा आणि निळा तिन्ही एकदम लागले की डोळ्याला पांढरं दिसतं, एवढंच."

पांढरं दिसतं, पण पांढरं नसतं! मी वाणिज्य शाखेची. बेरीज बरोबर दिसते पण आतल्या नोंदी वेगळ्याच, असं वहीत निघालं तर आम्हाला चैन पडत नाही. त्या महिन्यात मुलाच्या मदतीने ह्या दिव्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. वाचता वाचता कळलं, की ह्या खेळण्यासारख्या पट्टीमागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली तीसेक वर्षं तर नुसती एका रंगाची वाट बघण्यात गेली आहेत.

जिलेटीन पेपरचे दिवस

माझं माहेर सांगलीकडचं. लहानपणी लग्नाच्या मांडवात किंवा गणपतीत रंगीत उजेड हवा असला की बल्बला जिलेटीन पेपर गुंडाळायचे. लाल कागद, लाल उजेड. थोड्या वेळाने कागद तापून जळका वास यायचा आणि कोणीतरी धावत जाऊन बटण बंद करायचं.

ह्यात घडतं काय, तर बल्ब सगळेच रंग देतो आणि कागद त्यातला एक सोडून बाकीचे अडवतो. म्हणजे शंभर रुपये कमवायचे, दहा-वीस खिशात ठेवायचे आणि उरलेले रस्त्यावर टाकून द्यायचे. त्यातून जुना तारेचा बल्ब मुळातच उधळ्या. त्याच्या विजेतला बहुतेक भाग उष्णतेत जायचा, उजेड म्हणून हाती यायचा तो थोडासा.

तरी माणसाची हौस जुनी. डिसेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्कला एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० छोटे विजेचे दिवे लावले. झाड एका पेटीवर बसवून ते गोल फिरवायची सोयही केली होती, म्हणजे समोर बसलेल्याला रंग बदलताना दिसायचे. दिवा रंग बदलत नव्हता, झाडच फिरत होतं! त्याच १८८२ साली आपल्या मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले.

पुढची ऐंशी-नव्वद वर्षं युक्ती हीच राहिली: दिवा साधा, रंग वरून. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला लाल, पांढरा, निळा उजेड सोडला. तेव्हापासून रंग बदलायचा म्हणजे माणसांनी वर चढून मोठ्या दिव्यांवरच्या रंगीत तबकड्या हाताने बदलायच्या, अशी पद्धत होती. ती २०१२ पर्यंत चालली.

तीन रंग आणि एक बेरीज

तीन रंगांत सगळे रंग मावतात, ही गोष्ट मात्र दिव्याच्या कितीतरी आधी कळली होती. इंग्लंडमध्ये थॉमस यंग यांनी १८०२ च्या सुमारास मांडलं, की आपल्या डोळ्यात रंग ओळखणारी तीनच प्रकारची यंत्रणा असावी. १८६१ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका चट्ट्यापट्ट्याच्या फितीचे तीन फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून घेतलेले दाखवले. तिन्ही त्या त्या रंगाच्या उजेडाने पडद्यावर एकावर एक टाकले, तर फीत रंगीत दिसली. रंगीत फोटोची ती सुरुवात मानतात.

म्हणजे लाल आणि हिरवा उजेड एकत्र आला तर आपल्याला पिवळा दिसतो. तिथे खरा पिवळा किरण असलाच पाहिजे असं नाही. डोळा बेरीज बघतो, नोंदी बघत नाही. माझ्या डाळीचं कोडं इथेच सुटलं. पट्टीत लाल आहे, हिरवा आहे, पण त्या दोघांच्या मधला पिवळा जवळजवळ नाहीच. मग पिवळ्या वस्तूंच्या बारीक बारीक छटा उमटणार कशा? कागद मात्र पांढराशुभ्र दिसतो, आणि आपण फसतो.

लाल आधी आला

ह्या दिव्याला एलईडी म्हणतात. त्यात तार नाही, काचेतला वायू नाही, जळणारं काही नाही. बोटाच्या पेरावर दहा-वीस मावतील असा स्फटिकाचा कण असतो. त्याचे दोन थर. एका थरात इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्यात त्यांच्यासाठी जागा रिकाम्या. आमच्या भाषेत सांगायचं तर एक बाजू जमा, दुसरी नावे. वीज सोडली की दोन्ही बाजू सांध्यावर भेटतात, हिशेब मिटतो आणि जो फरक उरतो तो उजेड होऊन बाहेर पडतो. फरक लहान असला तर उजेड लाल, मोठा असला तर निळा. फरक किती, हे स्फटिक कशाचा आहे त्यावर ठरतं. म्हणून ह्या दिव्याला कागद लागत नाही, तो जन्मतःच त्याच्या रंगाचा असतो.

हा उजेड पहिल्यांदा दिसला तो १९०७ मध्ये. मार्कोनी यांच्या कंपनीतले एच. जे. राउंड कार्बोरंडम नावाच्या पदार्थावर वीज सोडून बघत होते, तर तो उजळला. त्यांनी एका मासिकाला दोन छोट्या परिच्छेदांची चिठ्ठी पाठवली आणि विषय तिथेच राहिला.

वीस वर्षांनी रशियात ओलेग लोसेव्ह नावाच्या तरुणाला तेच दिसलं. त्याच्याकडे मोठी पदवी नव्हती, रेडिओच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करायचा. पण त्याने ते सोडून दिलं नाही. हा उजेड उष्णतेचा नाही, हे त्याने ओळखलं. १९२७ मध्ये लेख छापला, पुढेही लिहीत राहिला. १९४२ मध्ये लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडलेला असताना तो उपासमारीने गेला. वय ३८. नातवाच्या हातातल्या रिमोटकडे बघताना मला हा मुलगा सारखा आठवतो. ज्याने थंड उजेडाचा अभ्यास केला, तो थंडीत, भुकेने गेला.

लाल एलईडी कामाचा झाला १९६२ मध्ये. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत निक होलोन्याक यांनी तो बनवला. त्यांचे वडील खाणीत काम करायचे, घरात शिक्षणाची परंपरा नाही. १९६३ च्या सुरुवातीला त्यांनी सांगून टाकलं, की पुढे हा दिवा तारेच्या बल्बची जागा घेईल. तेव्हा त्या लाल ठिपक्याच्या उजेडात वर्तमानपत्रसुद्धा वाचता आलं नसतं! त्यांचे विद्यार्थी जॉर्ज क्रॅफर्ड यांनी १९७२ मध्ये पिवळा एलईडी केला. त्याच वर्षी पल्सर नावाचं लाल आकड्यांचं मनगटी घड्याळ आलं, सोन्याचं, किंमत २,१०० डॉलर. वेळ बघायची तर बटण दाबायचं, कारण सतत लावून ठेवलं तर बॅटरी संपायची.

आपल्या पिढीने हा दिवा ओळखला तो कॅलक्युलेटरच्या लाल आकड्यांत आणि टेपरेकॉर्डरच्या लाल टिपक्यात. पाठोपाठ पोपटी हिरवा दिसायला लागला. निळा मात्र नाहीच.

वहीतली रिकामी नोंद

लाल आहे, हिरवा आहे, निळा नाही. मग बेरीज होणार कशी? पांढरा नाही, जांभळा नाही, गुलाबी नाही. तीन खात्यांपैकी एक खातंच उघडलेलं नाही.

निळ्यासाठी फरक मोठा लागतो, आणि तसा स्फटिक म्हणजे गॅलियम नायट्राइड. तो नीट वाढत नव्हता, तडे जायचे. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्याची एकच बाजू तयार व्हायची. जादा इलेक्ट्रॉनची बाजू आपोआप भरायची, रिकाम्या जागांची बाजू काही केल्या होत नव्हती. अमेरिकेत आरसीए कंपनीत १९७२ मध्ये ह्या पदार्थातून मिणमिणता निळा-जांभळा उजेड काढला होता. भिंतीवर टांगता येईल असा टीव्ही करायचा, हे त्यामागचं स्वप्न. पण दुसरी बाजू साधली नाही आणि कंपनीने काम थांबवलं. जगातल्या बहुतेक संशोधकांनी हा पदार्थ सोडून दुसऱ्याच्या मागे जायचं ठरवलं.

जपानमध्ये मात्र काही माणसं चिकटून राहिली. नागोयाचे प्राध्यापक इसामु आकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी १९८६ मध्ये नीलमण्याच्या तबकडीवर आधी दुसऱ्या पदार्थाचा पातळ थर देऊन त्यावर स्वच्छ स्फटिक वाढवला. पोळी चिकटू नये म्हणून आपण आधी तव्यावर काहीतरी फिरवतो, तसंच काहीसं. पुढे तो स्फटिक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना त्यांच्या लक्षात आलं, की तपासल्यावर तो जास्त उजळतोय. त्यातून १९८९ मध्ये ती अडलेली दुसरी बाजू तयार झाली.

तिसरे शूजी नाकामुरा. शिकोकु बेटावरच्या अनान गावात निचिया नावाची एक छोटी कंपनी होती, तिथे ते १९७९ पासून नोकरीला. कंपनीचे संस्थापक नोबुओ ओगावा यांनी त्यांना पैसे दिले आणि वर्षभर अमेरिकेत शिकायला पाठवलं. परत आल्यावर नाकामुरांनी स्फटिक वाढवण्याची भट्टी स्वतःच्या हाताने बदलली, पाइप जोडले, पुन्हा तोडले. पुढे वरून हुकूम आला की हे काम बंद करा. त्यांनी ऐकलं नाही. आकासाकी-अमानोंना जी बाजू इलेक्ट्रॉनच्या झोताने मिळाली होती ती नुसत्या योग्य उष्णतेने मिळते, हे त्यांनी १९९२ मध्ये दाखवलं. १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी जगासमोर आला. दोनेक वर्षांत त्याच घराण्यातला चांगला हिरवाही आला. १९९६ मध्ये निळ्या एलईडीवर पिवळी चमकणारी पूड लावून पांढरा दिवा विकायला आला. आज आपल्या घरातला साधा एलईडी बल्ब म्हणजे हाच, निळा दिवा आणि त्यावर पिवळ्या पुडीचं पांघरूण.

ह्या शोधाबद्दल नाकामुरांना कंपनीकडून बक्षीस म्हणून २०,००० येन मिळाले होते. ते कोर्टात गेले. २००४ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने कंपनीने २,००० कोटी येन द्यावेत असं सांगितलं. वरच्या कोर्टात २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ मध्ये आकासाकी, अमानो आणि नाकामुरा ह्या तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लाल दिव्याचे होलोन्याक त्या यादीत नव्हते, आणि लोसेव्ह तर कधीच गेलेला.

ह्या जमाखर्चावर मी बराच वेळ विचार करत बसले. कामाचं मोल आणि मिळालेला मोबदला ह्यांचा ताळेबंद जुळतोच असं नाही. घर सांभाळणाऱ्या बाईला हे निराळं समजावून सांगावं लागत नाही.

बटणावरचे दीड कोटी रंग

तिन्ही खाती उघडल्यावर पुढचं काम सोपं झालं. १९९७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज म्युलर आणि इहोर लिस ह्या दोन तरुणांनी कलर कायनेटिक्स नावाची कंपनी काढली. लाल, हिरवा आणि निळा एलईडी शेजारी शेजारी बसवायचे आणि प्रत्येकाची तीव्रता छोट्या संगणकी चिपने कमी-जास्त करायची. कमी-जास्त करायचं म्हणजे वीज मंद करायची नाही, तर सेकंदात शेकडो वेळा दिवा लावायचा-विझवायचा. जास्त वेळ लागलेला असला तर तेजस्वी, जास्त वेळ विझलेला असला तर मंद. डोळ्याला लुकलुक दिसत नाही, सरासरी दिसते.

प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. मग रंग किती? कागद-पेन्सिल घेऊन मीच गुणाकार केला: २५६ गुणिले २५६ गुणिले २५६, म्हणजे १,६७,७७,२१६. दीड कोटीहून जास्त! पेटीवर १६ मिलियन कलर्स लिहिलेलं असतं ते हेच. इतके रंग वेगवेगळे ओळखण्याची आपल्या डोळ्यांची कुवत नाही, ही गोष्ट वेगळी.

एम्पायर स्टेट बिल्डिंगवरच्या तबकड्या २०१२ मध्ये गेल्या आणि हे दिवे आले. तासांचं काम क्षणात व्हायला लागलं. आपल्याकडे २०१७ च्या दिवाळीआधी दिल्लीत राष्ट्रपती भवनाशेजारच्या नॉर्थ आणि साउथ ब्लॉकवर असे रंग बदलणारे दिवे लागले. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची दगडी इमारत स्वातंत्र्यदिनाला तिरंगी झालेली तुम्ही पाहिली असेल. आणि स्वस्ताईचं म्हणाल, तर सरकारी खरेदीत साध्या एलईडी बल्बचा दर २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपये होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत खाली आला. आमच्याकडेही तेव्हा विजेचं बिल दाखवून बल्ब आणले होते, ते अजून चालू आहेत.

पण रंगीत उजेड नुसता शोभेचा नाही. माझा पुतण्या जन्मला तेव्हा कावीळ झाली म्हणून त्याला दवाखान्यात निळ्या उजेडात ठेवलं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं ते एवढंसं बाळ बघून वहिनीच्या डोळ्याला धार लागली होती. ह्या उपचाराची सुरुवात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयातली. १९५० च्या दशकात तिथल्या सिस्टर वॉर्ड बाळांना उन्हात फिरवून आणायच्या. जिथे ऊन लागलं तिथला पिवळेपणा कमी झाल्याचं त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. निळा प्रकाश कातडीतल्या पित्ताच्या द्रव्याचं रूप बदलतो आणि मग शरीर ते बाहेर टाकू शकतं. तेव्हा ह्या कामाला मोठ्या नळ्या लागायच्या, आता निळे एलईडी पुरतात आणि बाळाला उष्णता लागत नाही.

अंतराळ स्थानकात २०१४ मध्ये लाल, निळ्या आणि हिरव्या एलईडीखाली भाजी लावली, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये अंतराळवीरांनी ती लालसर लेट्यूसची पानं खाल्ली. झाडाला वाढायला मुख्यतः लाल आणि निळा उजेड लागतो. हिरवा ते त्या मानाने जास्त परत पाठवतं, म्हणून तर पान हिरवं दिसतं.

आणि झोप. २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं, की आपल्या डोळ्यांत रंग बघणाऱ्या पेशींखेरीज आणखी काही पेशी आहेत, ज्या उजेडावरून मेंदूला दिवस-रात्र सांगतात. त्यांना निळा उजेड सगळ्यात जास्त जाणवतो. रात्री निळसर उजेडात बसलं की शरीराला वाटतं अजून दिवस आहे. अंतराळ स्थानकात सूर्य दिवसातून सोळा वेळा उगवतो, म्हणून तिथे आता झोपेआधी उबदार आणि कामाच्या वेळी निळसर होणारे दिवे बसवले आहेत. आपल्या घरी तर सूर्य एकदाच मावळतो. मग आपण रात्री अकराला दुपार कशाला करायची?

आपल्या घरचा हिशेब

हे सगळं वाचल्यावर मुलाच्या घरी काही बदल केले, ते सांगते.

ओट्यावर पट्टी राहिली, पण निवडण्या-चिरण्यासाठी शेजारी साधा पांढरा दिवा बसवला. दुकानात सीआरआय किती ते विचारायचं. रंग किती खरे दिसतात त्याचा तो आकडा, १०० पैकी. ९० च्या वरचा घ्या. बदलत्या रंगाचीच पट्टी हवी असेल तर तीन रंगांशिवाय वेगळा पांढरा दिवा असलेली मिळते, ती घ्या. साडी निवडायची असो की डाळ, तीन रंगांच्या बेरजेवर विसंबू नका. आणि शेवटची नजर दिवसाउजेडीच.

दुसरं विजेचं. स्वस्त दिवा म्हणजे फुकट दिवा नव्हे. अशा दाट पट्टीला पूर्ण पांढऱ्यावर मीटरला साधारण १४ वॅट लागतात. पाच मीटरची पट्टी म्हणजे ७० वॅट. रोज पाच तास, महिन्याचे साडेदहा युनिट. तेवढ्याच वेळात ९ वॅटचा बल्ब दीड युनिटही खात नाही. एकच रंग लावला तर पट्टीचा खर्च साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. सूनबाईला आकडे दाखवले, तिने लगेच टायमर लावला.

तिसरं किड्यांचं. पावसाळ्यात दिव्याभोवती पाकोळ्या जमतात आणि सकाळी जमिनीवर पडलेल्या दिसतात. किड्यांना अतिनील आणि निळा उजेड जास्त ओढतो, पिवळा-नारिंगी कमी. म्हणून चातुर्मासात गॅलरीतला दिवा मी पिवळ्यावर ठेवायला लावला, आणि गरज संपली की बंद. सगळे जीव वाचतात असं नाही, पण बोलावून तरी आणत नाही आपण. वीज सचित्त की अचित्त, ह्याबद्दल आपल्या साधूंमध्ये वेगवेगळी मतं आहेत, त्या वादात पडायची माझी पात्रता नाही. पण पाकोळी सचित्त आहे, ह्याबद्दल तर वाद नाही?

गावी परतले तर आमच्या बस्तीच्या कमिटीपुढे नेमका हाच विषय आलेला. पंचकल्याणकासाठी शिखरावर आणि गाभाऱ्यात रंग बदलणारे दिवे लावायचे, एका दात्याने खर्चाची तयारी दाखवली होती. तरुण मुलं उत्साहात, ज्येष्ठ मंडळी गप्प. महिला मंडळाचं मत विचारलं, तेव्हा मी उठून बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच कमिटीसमोर बोलले असेन.

म्हणाले, शिखरावर जरूर लावा. उत्सवाचे पाच दिवस, रात्री दहापर्यंत. लांबून येणाऱ्याला आनंद होतो. पावसाळ्यात मात्र नको. आणि गाभाऱ्यात कधीच नको. आपण मूर्तीला वीतराग म्हणतो. संस्कृतात राग म्हणजे आसक्ती, आणि राग म्हणजे रंगही. ज्यांचे सगळे राग गेले त्यांच्या अंगावर आपण क्षणाक्षणाला लाल-निळा टाकायचा, हे बरं दिसत नाही. तिथे एकच स्थिर, मंद, पिवळसर दिवा असू द्या.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एक आजोबा म्हणाले, "बाई बरोबर बोलतायत." दात्यालाही ते पटलं. शिखराचे दिवे लागले, गाभारा होता तसाच राहिला. मुलांचा उत्साहही गेला नाही, कारण रिमोट त्यांच्याच हातात दिला!

दिवाळी जवळ येते आहे. भगवान महावीर पावापुरीला निर्वाणाला गेले तेव्हा दिव्यांनी ती नगरी उजळली आणि तेव्हापासून लोक दरवर्षी दीपालिका साजरी करतात, असं आचार्य जिनसेनांनी हरिवंशपुराणात लिहिलं आहे. तो ग्रंथ शके ७०५ चा, म्हणजे इसवी सन ७८३ चा. एक मोठा प्रकाश गेला म्हणून लोकांनी छोटे दिवे लावले. दीड कोटी रंग तेव्हा कुणाकडे नव्हते.

यंदा मुलगा, सून आणि नातू गावी येणार आहेत. नातवाने विचारलंय, "आजी, दारात कोणता रंग लावायचा?" मी म्हटलं, संध्याकाळी तू म्हणशील तो. पण पहाटे निर्वाणलाडू चढवायला बस्तीत जाऊ तेव्हा सगळे बंद करून निघायचं. आणि त्याआधी लाडवाचा रवा मी दिवसा, खिडकीशी बसून निवडणार आहे. त्याला लोसेव्हची गोष्टही तेव्हाच सांगेन.

तुमच्याकडे असे दिवे कुठे आणि कसे वापरता, जरूर कळवा. चूकभूल असेल तर क्षमा असावी.

जय जिनेंद्र!